कॉम्प्युटरमधली टाकी भडकली तेव्हा

आमच्या म्हात्रेकाकांचं तुम्हाला सांगितलंच नाही. डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत ते गरम टाकी सांभाळायचे. मी तिथे नवा इंजिनियर. त्या टाकीचं तापमान कसं बदलेल, याचा प्रोग्राम मी सिम्युलेशनच्या, म्हणजे खऱ्या गोष्टीची कॉम्प्युटरवर नक्कल करायच्या, भाषेत लिहिलेला. पण कॉम्प्युटरवर तापमान वरखाली उड्या मारत शेवटी भडकायचंच. साहेब म्हणाले, "उद्यापर्यंत जमवा, नाहीतर हे काम बंद."

काकांनी आलेख बघितला. "तुझा कॉम्प्युटर टाकीकडे किती वेळाने बघतो रे?"

"दर दहा मिनिटांनी नवं तापमान काढतो."

"मग भडकणारच! मी मिनिटामिनिटाला बघतो."

मी प्रोग्राममध्ये दहा मिनिटांचं एक मिनिट केलं आणि आलेखातली रेघ शांत झाली.

साहेबांनी विचारलं, "कुठल्या पुस्तकात सापडलं?"

म्हटलं, "सर, पुस्तक कॅन्टीनमध्ये जेवतंय."