सात बश्या मॅकरोनी

युद्ध संपून वर्ष झालं होतं. नेपल्समध्ये सिनेमाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी शेजारणी उभ्या होत्या.

“फिलोमेना, तुझ्या नुंत्सियाला सिनेमात काय काम गं?”

“उपाशी पोरीचं. मॅकरोनी खायची आणि ‘देव तुमचं भलं करो’ म्हणायचं.”

“एवढंच?”

“हो. पण कार्टी बशी चाटूनपुसून खायची आणि वाक्य विसरायची. मग पुन्हा नवी बशी!”

“खरंच विसरायची?”

“छे! घरी झोपेतसुद्धा बडबडायची ते.”

“लबाड! किती बश्या झाल्या?”

“सात. सातव्या वेळी वाक्य म्हणाली, आणि वर ढेकर दिला.”

“अगं बाई! ढेकर कापला असेल ना?”

“कापतायत कशाला? आमच्या घरातला युद्धानंतरचा पहिला ढेकर, अख्खं नेपल्स ऐकणार आता!”