इत्तेई गुरुजींचं शेवटचं चित्र

"कुणाचा विश्वास बसायचा नाही, ओतोराबाई, पण इत्तेई गुरुजींचं शेवटचं चित्र माझ्या घरी आहे!"

हाडवैद्याच्या ओसरीवर टोफूवाला काकुजी शेजारी बसलेल्या ओतोराबाईपुढे बढाई मारत होता. त्याच्यामागे छापाचित्रांच्या फळ्या कोरणारा म्हातारा मोसुके आखडलेला अंगठा मांडीवर घेऊन, डोळे मिटून बसला होता.

"टोफूच्या बदल्यात दिलं वाटतं, काकुजीभाऊ?"

"चेष्टा नको. मरायच्या आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं दिलं. केस विंचरणारी बाई आहे."

"चित्रात केस कसे काढलेत हो? तीस वर्षं बायकांचे केस बांधतेय मी, म्हणून विचारते."

"एकेक केस मोजून घ्या! असा बारीक कुंचला फिरवलाय..."

"थापा पुरे, भाऊ," मोसुके डोळे न उघडताच म्हणाला. "गुरुजी केस काढतच नसत. नुसता आकार द्यायचे. एकेक केस आम्ही कोरतो."

"तुम्हाला काय ठाऊक, आजोबा?"

"त्यांचं शेवटचं चित्र माझ्या घरी फळीवर पालथं चिकटवलंय. कोरताना कागद कापला जातो, तसा अर्धा गेला. चेहरा झालाय. केस राहिलेत, आणि अंगठा काही वळत नाही."