नाटकात आलेली कचरागाडी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या नभोवाणी केंद्राचे प्रमुख माननीय लाय साहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, सत्कारमूर्ती च्येन सु-ओ ताई आणि समस्त चियायीकर श्रोतेहो,

ताई आज निवृत्त होत आहेत. आपल्या श्रुतिकांतला पाऊस त्यांचा, पावलं त्यांची, कढईत तडतडणारा लसूणही त्यांचाच. मी फक्त संवाद लिहितो. आज एकच प्रसंग सांगतो; साहेब अध्यक्ष आहेत, तेव्हा जरा जपून.

काही वर्षांपूर्वी श्रुतिका विभाग बंद व्हायच्या बेतात होता. "आपली नाटकं हल्ली भिंतीसुद्धा ऐकत नाहीत," साहेब म्हणाले होते. साहेब, शब्द हेच होते ना? हसताहेत, म्हणजे हेच असावेत.

शेवटची म्हणून लिहिलेल्या श्रुतिकेत एक मुलगी बऱ्याच वर्षांनी परदेशातून परतते. आपण घरी आलो, हे तिला कशावरून कळावं? मी आईचा हुंदका लिहिला होता. ताईंनी तो खोडला. "अरे, रडणं कुठेही ऐकू येतं. आपल्या गल्लीत काय ऐकू येतं ते सांग." आणि घराच्या गच्चीवरून त्यांनी कचरागाडीची धून टिपून आणली, जी ऐकताच आपण सगळे कचरा द्यायला खाली धावतो. लांबून हळूहळू जवळ येणारी.

संध्याकाळी श्रुतिका लागली. घरोघरच्या रेडिओवर धून वाजली मात्र, केंद्रासमोरची अख्खी गल्ली कचऱ्याच्या पिशव्या घेऊन रस्त्यावर. सोयादुधाच्या दुकानातल्या शू काकू तर एकाच पायात चप्पल घालून धावल्या. गाडीचा पत्ता नाही.

"मेल्यांनो, गाडी कुठाय?"

ताई खिडकीतून म्हणाल्या, "काकू, ती नाटकात आली होती."

"मग नाटकवाल्यांनीच न्यावा हा कचरा. आणि पोरगी घरी पोचली का, तेवढं सांग. मी अर्ध्यातून उठले."

साहेब शेजारच्या खिडकीत उभे होते. बराच वेळ त्या पिशव्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पुढचं नाटक कधी?"

वेळ नेमकी गाडीची, धून इतकी खरी. ताईंनी हे मुद्दाम केलं होतं का? मी विचारलं, तर म्हणाल्या, "आवाज चांगला आला होता, एवढंच." मला अजून ठरवता आलेलं नाही.

ताई, आमची भाकरी तुम्ही राखलीत. आभार मानायला शब्द अपुरे आहेत, आणि शब्द हेच माझं काम, म्हणून जास्त संकोच वाटतो. बोलताना कुणाचा मान राहून गेला असेल, तर उदार मनाने सांभाळून घ्यावं.

गाडी यायची वेळ होत आली आहे. धून ऐकू आली, तर उठण्याआधी एकदा ताईंच्या चेहऱ्याकडे बघा.