हिरवं राखलेलं मैदान

समारंभाचे अध्यक्ष श्री. थॉर्ली, व्यासपीठावरचे क्लबचे आजी-माजी कॅप्टन, पाद्रीसाहेब, आणि चहाच्या किटलीपाशी ताटकळलेले माझे गाववाले,

वॉल्टर पॉबजॉयने एकतीस वर्षं क्रिकेटचं मैदान हिरवंगार राखलं, असं अध्यक्ष आत्ता म्हणाले. खरं आहे. त्याबद्दल मला ही पितळी झारी मिळाली. तिचं आता करायचं काय, हे कुणी सांगितलं नाही. कारण मैदान उरलेलं नाही.

तुम्हाला आठवतं? दर उन्हाळ्यात मिडविकेटला गवतात पिवळ्या रेघा उमटायच्या, सरळ, काटकोनात वळणाऱ्या. मला त्यांची लाज वाटायची. पण हेस्टरबाई, ज्यांच्या हाताखाली इथले निम्मे लोक शिकले, त्या रेघांवर जीव टाकायच्या. खाली मध्ययुगातली गढी आहे म्हणायच्या. वरची पाडली, पण पाया शाबूत आहे. भिंतींवर माती पातळ, म्हणून गवत तिथं आधी करपतं.

मग तो कोरडा उन्हाळा आला. थॉर्लीसाहेब आपलं हे मैदान घरांसाठी विकायला निघाले होते. गढीचा पुरावा मिळाला तरच ते थांबणार होतं. बाईंनी विमानातून फोटो काढणारा ठरवला आणि माझ्या दारी आल्या. म्हणाल्या, "वॉल्टर, पंधरा दिवस पाणी घालू नकोस. एवढं ऐक माझं."

मी म्हणालो, "बाई, शेजारच्या गावाला पिवळ्या मैदानावर खेळवू? तोंड कुठं दाखवू मी?"

नळीने पाणी घालायला बंदी होती. म्हणून तुम्ही सगळे रोज संध्याकाळी अंघोळीचं पाणी बादल्या भरभरून आणत होता. काय ती एकी! चर्चच्या छपरासाठीसुद्धा आपण कधी एवढे जमलो नाही. आणि प्रत्येक बादली मी नेमकी त्या रेघांवर ओतून घेतली. सामना हरलो, ते सोडा.

फोटोत नुसतं हिरवं गवत आलं. अहवालात लिहिलं, अवशेष दिसत नाहीत. मार्चमध्ये यंत्रं लागली आणि हातभर खाली भिंती निघाल्या, रेघांबरहुकूम. दुपारपर्यंत त्यांची खडी होऊन रस्त्याखाली गेली. बाई कुंपणाशी उभ्या होत्या. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "मैदान छान राखलंस हो."

झारीबद्दल अध्यक्षांचे आभार, बादल्यांबद्दल तुमचे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या. गवताची माफी मात्र मला देऊ नका. ती देण्याचा हक्क ज्यांचा आहे, त्या आज आलेल्या नाहीत.