मुलीची नोकरी पक्की आहे ना?

—हो हो, बरोबर केलंत मामाजी, आधी शेजारी विचारायचं, मग त्यांच्या दारात जायचं. भाचा तुमचा, मग चौकशी तुम्हीच करणार ना. बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो—इथे बसा. त्यांना कळणार नाही, मुलीची आई, आनंदीवहिनी, पलीकडे शंकरपाळे तळतायत तुमच्यासाठी, वास येतोय ना? तर धम्मदीना कशी आहे? अहो, वीस वर्षं भिंतीला भिंत आहे आमची, त्यांच्याकडे चमचा पडला तरी मला ऐकू येतं. त्या घरात कधी आवाज चढलेला ऐकला नाही. आणि मुलगी तर, सच्ची सांगते, लाखात एक. नोकरी? सरकारी शिक्षिका, तुम्हाला पाठवलेल्या कागदावर लिहिलंय तेच. सिमरोलच्या पुढे एक गाव आहे, तिथली शाळा. सकाळी सहाला निघते, राजवाड्यावरून टेंपो, मग बस, मग पायी. पाच वर्ग आणि ही एकटी—पहिलीला गिनती लावून देते, चौथीला धडा, आणि तिसरीतल्या दोन मुलींना पहिलीवर बसवते, बाई बनवून. एवढी हुशार.

पक्की आहे का? हो, पक्कीच म्हणायची. मतलब, तीन वर्षांनी पंचायत कागद पुन्हा करते, सरपंचाची सही लागते, पण करतातच. गेल्या वेळी चार महिने लांबलं खरं—सरपंच बदलला, त्याची भाची होती लायनीत—पण झालं शेवटी. तेव्हा भोपाळला धरणं धरलं ना सगळ्यांनी, आमची धम्मदीना सगळ्यात पुढे! पोलिसांनी गाडीत भरून नेलं सगळ्यांना, संध्याकाळी सोडलं. पेपरात फोटो आलाय, मी कापून ठेवलाय, दाखवू? नको? बरं. पण तुम्ही असे का बघताय? मुलगी धीट आहे, एवढंच म्हणायचंय मला.

हो, शिक्षाकर्मी, कंत्राटावरची. हाच शब्द. तुम्हाला माहीत आहे तर. अहो, पक्के मास्तर नेमणं बंदच केलंय ना सरकारनं—जुना रिटायर झाला की माणसाबरोबर त्याची जागाही जाते. तिचा काय दोष त्यात? तिचे वडील, किसनभाऊ, म्हणतात, बाप मिलमध्ये बदलीवर होता, पोरगी सरकारात बदलीवर आहे. सात वर्षं रोज सकाळी गेटवर उभे राहायचे ते—कुणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर परत घरी. मग परमनंट झाले, अख्ख्या गल्लीला पेढे वाटले—आणि मिललाच टाळं लागलं. तर सांगा, पक्कं कशाला म्हणायचं? मी सातवी शिकलेली, मला नाही कळत.

तिला मात्र कळतं. हे भोपाळच्याही वरून, दिल्लीच्याही वरून येतं म्हणते. गेल्या वर्षी परदेशी पाहुणे आले होते तिच्या शाळेत—योजनेत त्यांच्या देशाचाही पैसा आहे म्हणे, म्हणून बघायला. हार झाले, मुलांचं गाणं झालं. एक गोरी बाई, फार गोड, खाली टाटपट्टीवर मुलांत मांडी घालून बसली. धम्मदीनानं सरळ विचारलं तिला—तुमच्या देशात मास्तर असेच ठेवतात का, तीन-तीन वर्षांच्या कागदावर? हिंदीत विचारलं, इंग्रजीत करून सांगायला साहेब होता सोबत. त्यानं सांगितलं काहीतरी, बाई हसली, मान डोलावली, थँक यू म्हणाली. पण आमची बी.ए. आहे ना, तिला कळलं. साहेब म्हणाला होता, मॅडम विचारतायत गाणं आवडलं का. घरी येऊन जेवली नाही त्या दिवशी. मीच खिचडी घेऊन गेले होते.

उठू नका ना मामाजी, चहा उकळतोय. स्थळाच्या कागदावर शासकीय शिक्षिका कुणी लिहिलं? ...मी. माझं अक्षर चांगलं म्हणून मलाच देतात लिहायला. किसनभाऊंनी सांगितलं होतं, शिक्षाकर्मी लिहा. मीच म्हटलं, कर्मी-बिर्मी वाचल्यावर पुढचं कोण वाचणार? ती भांडली हो माझ्याशी. काकू, खोडा ते, म्हणाली. दोन दिवस बोलली नाही. नाही खोडलं मी. मागे देवासचं स्थळ आलं होतं, तेही आधी माझ्याकडेच आले, तासभर बसले, मी अशीच सगळं सांगत होते—आणि मग त्यांचा निरोपच नाही आला. मला वाटलं, मुलगी सावळी म्हणून. इतके दिवस मी तेच धरून बसले. आत्ता, तुमच्या चेहऱ्याकडे बघून... जाऊ दे.

खोटं माझं आहे, मामाजी, त्या माणसांचं नाही. महूचं घराणं तुमचं, पलटणीतले लोक, तुम्हाला माणूस कळत नाही का? आणि संघदीप, भाचा तुमचा, बँकेत आहे, तिथे तरी काय आहे—कम्प्युटर आणलेत आणि पन्नाशीच्या माणसांना घरी बसवतायत, ऐकलंय मी! ...चुकलं. तसं नव्हतं म्हणायचं मला. तोंडच असं आहे माझं. अहो, चप्पल कुठे घालताय—एकदा बघून तरी जा तिला. सुट्टी टाकलीय आज, त्या दिवसाचा पगार कापतात तिचा, तरी टाकलीय. तीन वाजल्यापासून निळी साडी नेसून बसलीय, घडी मोडेल म्हणून पाठ टेकत नाहीये. काय ते तिच्या तोंडावरच सांगा, की बाई, तू पाच वर्ग शिकवतेस, पण—

नको. तिला काही नका सांगू. मीच जाऊन सांगते त्यांना. निघा तुम्ही.