ओल्या पेंढ्याच्या गुंडाळ्या

नाव चंद्रमौली राव, वडिलांचे नाव सेतुराम राव. वय बावन्न. धंदा शेती. राहणार तिरुनीलक्कुडी, तालुका कुंभकोणम्, जिल्हा तंजावर. घरची भाषा मराठी. हेड कॉन्स्टेबल सुंदरराव यांना ती येत असल्याने जबाब मराठीत घेतला. तारीख ७ फेब्रुवारी १९५७, सकाळी साडेदहा.

समक्ष हजर राहून सांगतो, की काल आमच्या गावच्या कालव्याच्या मोरीत सापडलेले प्रेत मला दाखवण्यात आले. ते रंगा याचे आहे. वय सुमारे पंचेचाळीस. तो बावीस वर्षे माझ्याकडे पेंढ्याच्या गंज्या रचत असे. उजव्या कानामागच्या आवाळूवरून ओळखले. शंका नाही.

तो पाण्यात कसा गेला हे मला माहीत नाही. त्याच्यावर काही आळ होता काय, असे विचारल्यावरून सांगतो, की होता. तो मी घेतला होता.

गेल्या उन्हाळ्यात मी पेंढा गुंडाळण्याचे यंत्र घेतले. तंजावरला दोन तऱ्हेची दाखवली. एक चौकोनी गठ्ठे बांधते, दुसरे गोल गुंडाळ्या करते. गोल गुंडाळीवरून पाणी ओघळून जाते असे विकणाऱ्याने सांगितले, म्हणून गोल घेतले. हे यंत्र ट्रॅक्टरमागे शेतातून चालवायचे असते. आमच्याकडे भात आधी झोडतात, मग बैलांच्या पायांखाली मळतात, आणि पेंढा खळ्यावरच निघतो. म्हणून यंत्र खळ्यावर उभे करून त्यात हातांनी पेंढा घालत असू. पहिली गुंडाळी बाहेर पडली तेव्हा रंगा म्हणाला, "सामी, हा तर तक्क्या झाला. आता बैलांना टेकून बसवा आणि पानसुपारी द्या." सगळे हसले. मीही हसलो.

कुरुवै, म्हणजे पहिल्या हंगामाच्या भाताची मळणी चालू असता २८ सप्टेंबरला यंत्राचा पट्टा तुटला. नवा पट्टा मद्रासहून यायला एकोणीस दिवस लागले. तेवढ्यात चार वेळा पाऊस झाला. पेंढा खळ्यावर पडून होता. रंगा म्हणाला, "ओला आहे. गुंडाळू नका. माझ्याकडे द्या, सैल गंजी रचतो, वारा खेळेल."

मी म्हणालो, "काम गेले म्हणून तुझे पोट दुखते."

तो म्हणाला, "पोट माझे दुखेल, सामी. घाम पेंढ्याला सुटेल."

१८ आणि १९ ऑक्टोबरला मी एकशे साठ गुंडाळ्या करून घेतल्या. बहुतेक गोठ्याला लागून रचल्या. बारा माळ्यावर ठेवल्या.

८ नोव्हेंबरला दुपारी तीन वाजता रंगा त्या ढिगाशी दिसला. त्याचा हात खांद्यापर्यंत गुंडाळ्यांमध्ये होता. "काय ठेवतोस रे?" असे मी विचारले. "ठेवत नाही, बघतो," तो म्हणाला. मी त्याला हाकलले. सात वाजता माझी पत्नी कामाक्षी हिने सांगितले, "अहो, रंगा मागल्या दारी उभा आहे. तुमच्याशीच बोलायचे म्हणतो." मी जेवत होतो. नंतर ये म्हणावे, असे सांगितले. तो काम मागायला आला असेल असे वाटले. जेवण झाल्यावर दाराशी कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास ढीग पेटला. गोठा जळाला. आत एक गाय होती. मी त्याच दिवशी फिर्याद दिली आणि रंगाचा हात कोठे होता ते सांगितले. तो मागल्या दारी येऊन गेल्याचे सांगितले नाही. ते कोणी विचारले नव्हते.

ओला पेंढा दाबून ठेवला की आतून तापत जातो आणि पेटतो, म्हणून गंजी रचणारे लोक आत हात घालून ऊब बघतात. हे मला लहानपणापासून माहीत आहे.

रंगाला चार दिवस कोठडीत ठेवून, पुरावा नाही म्हणून सोडण्यात आले. त्यानंतर आसपासच्या गावांत त्याला कोणी गंजी रचायला बोलावले नाही. त्याने आग लावली नसेल असे म्हणणारेही त्याला पेंढ्याजवळ येऊ देत नसत.

२६ नोव्हेंबरला मी माळ्यावरची एक गुंडाळी सुतळी कापून उलगडली. बाहेरून पिवळी होती. आत तंबाखूसारखी काळी, मधोमध कोळसा. हात टेकवेना. माळ्याची किल्ली माझ्याकडेच असते.

त्या दिवशी मी ठाण्यावर आलो नाही. त्यानंतरही आलो नाही. त्याच आठवड्यात शेजारचे शंकरनारायण अय्यर, यंत्र घ्यावे काय, असे विचारायला आले. "चांगले आहे," मी म्हणालो, "पट्टा तेवढा जपावा लागतो." ते म्हणाले, "आणि रंगाला लांब ठेवावे लागते." मी त्यांना तंजावरच्या दुकानाचा पत्ता दिला. त्यांनी यंत्र घेतले.

४ फेब्रुवारीला माझ्या खळ्यावर सांबा, म्हणजे दुसऱ्या हंगामाच्या भाताची मळणी होती. रंगा बांधापलीकडे येऊन उभा राहिला. त्याला बोलवावे असे मनात आले. खळ्यावर माणसे होती. तो दुपारपर्यंत उभा होता. त्यानंतर मी त्याला जिवंत पाहिले नाही.

आग रंगाने लावली नाही. पेंढा ओला होता आणि तो मी गुंडाळला, हे लिहून घ्यावे. यावर हेड कॉन्स्टेबल यांनी सांगितले, "राव, ते प्रकरण मिटले. खटला नाही, आरोपी नाही. आता कोणाला सोडवायचे?" तरी लिहावे अशी मी विनंती केली. त्यांनी लिहिले.

वरचा सर्व मजकूर मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. माझ्या सांगण्यावरून तो बाहेर बसलेल्या रंगाच्या बायकोला, अंजलै हिला, तमिळमध्ये समजावून देण्यात आला. तिने शेवटपर्यंत ऐकले. प्रेत किती वाजता मिळेल, असे तिने विचारले. दुसरे काही विचारले नाही.

सही
चंद्रमौली राव