जावेचा टाफेटा

…आणि दिला कुणाला? तर मार्लिसला! माझ्या धाकट्या जावेला! तुम्हाला सांगते, जिला टॉवेल आणि टेबलक्लॉथ यातला फरक कळत नाही, तिला सासूबाईंनी तरुणपणीचा आपला पार्टीचा ड्रेस देऊन टाकला, आणि मी इथे डेटनमध्ये जन्मभर जुने कपडेच पारखून विकतेय, मला काय मिळालं? सॅलडचा वाडगा. मला हेवा नाही हं, आपलं सांगायचं म्हणून सांगते.

थँक्सगिव्हिंगला सगळे टर्कीवर तुटून पडलेले आणि ही ड्रेस घेऊन मिरवतेय, "जाऊबाई, खरं रेशीम आहे हं, पन्नास-बावन्न सालचं." म्हटलं, आण इकडे. बघते तर काय, कडेला प्लॅस्टिकची चेन! अहो, त्या काळच्या ड्रेसला धातूची चेन असते, प्लॅस्टिकची येईल कुठून? जिवाला कसं गार गार वाटलं म्हणून सांगू… तरी म्हटलं, खात्री करू. चेनपाशी लोंबणारा दोरा तोडला, मेणबत्तीवर धरला, तर वितळून टणक मणी झाला. रेशीम कधी वितळतं का? मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "नायलॉन. सत्तर सालचं." मार्लिसचं तोंड एवढंसं झालं. मला हेवा नाही हं, पण पंपकिन पाईचा गोड तुकडा मी परत वाढून घेतला.

तेवढ्यात सासूबाई, बटाटे चिवडत, "अगं, चेन मी गेल्या महिन्यातच बदलली, मार्लिसच्या मापाचा करताना. दोराही नवाच आहे तो."

झालं! मी शिवणीचा दोरा जाळला होता! कापड राहिलं बाजूला!

मग काय, आतल्या शिवणीतून कापडाचाच धागा उसवला. मनात म्हणतेय, देवा, प्लॅस्टिकचा वास येऊ दे रे… तर केस जळल्याचा वास, आणि राख चिमटीत धरली तर भुरभुर सांडली. आत शिवणकामगारांच्या युनियनचं लेबल, तेही पंचावन्न सालच्या आधीच्या नमुन्याचं. खोटं बोलता आलं असतं हो, कुणाला कळणार होतं? पण जीभच वळेना. "अस्सल आहे," म्हटलं, "रेशमी टाफेटा. सॅटिनसारखा गुळगुळीत नव्हे, कडक, सळसळणारा."

मार्लिस गळ्यातच पडली, "जाऊबाई, तुम्ही सांगितलंत म्हणजे आता शंकाच नको. नाताळच्या पार्टीला हाच घालते."

गेले मीही पार्टीला. मला हेवा ना… बरं, आहे, चिक्कार आहे, झोप लागत नाही मला. ती मजेत नाचतेय आणि मी तिच्या मागून फिरत, एकेकाला गाठून, तिच्याच ड्रेसचं कौतुक करतेय. का म्हणजे? ती बया सगळ्यांना "सॅटिन आहे, सॅटिन" म्हणून सांगत सुटली होती हो… मग कुणीतरी खरं नको का सांगायला?